रकाना अकरावा

अर्जातले दहा रकाने भराभर भरले.
जन्मतारीख, रक्तगट, घर ते शाळा अंतर.
व्यवसायापुढे लिहिलं, शिक्षिका.
कुठल्या शाळेत, ते विचारलं नव्हतं.

अकरावा: आमचीच शाळा का निवडली?
खाली चार ओळी, आखलेल्या.
एकोणीस वर्षं पोरांना निबंध शिकवते,
चार ओळींचं मला काय.

वर्धा रोडवर धुकं होतं. सोफ्यावर आईबाप ओळीनं.
कुणी म्हणालं, इथं पोहायचा तलाव आहे,
कुणी म्हणालं, संगत चांगली मिळते हो.
संगत.
मला माझ्या वर्गातली त्रेचाळीस पोरं आठवली.

खरं लिहायचं तर लिहावं लागेल
की मला मतदार याद्यांना पाठवतात
आणि परत येईपर्यंत माझा वर्ग
शेजारच्या वर्गात कोंबलेला असतो.
की मुलींच्या संडासाची कडी तुटून दोन वर्षं झाली,
एक आत जाते, एक बाहेरून दार धरते.
की कुणी इंग्रजीत बोलू लागलं
की माझाच आवाज अजून एक पायरी उतरतो,
आर्वीचा उतरू नये.
की नणंदेची दोन्ही मुलं इथेच आहेत.
हे तर मुळीच नाही.

फोटो चिकटवायला डिंक मागायला गेले
तर गेटवरचा गार्ड ताडकन उठला.
'ठवकर मॅडम! वळखलं नाही का? रोशन बिनेकर.
तेराच्या पाढ्यात अडकायचो नं मी.'
माझ्या पहिल्याच वर्गातला.
तेरा साती एक्क्याण्णव,
डब्याच्या झाकणावर खडूनं लिहून दिलं होतं त्याला.

त्यानं डिंक दिला, स्वतःची खुर्ची दिली.
मग जवळ येऊन, खुशीत:
'माही पोरगी बी यंदा पहिलीत टाकली.
इथं नाही जी, इथं कुठं.
तुमच्याच शाळेत.
म्हटलं, मॅडम हायेत नं अजून.'

डिंक बोटांवर वाळला.
आर्वीचा फोटो जरा वाकडाच बसला.

'सर्वांगीण विकासासाठी,' मी लिहिलं,
फळ्यावर लिहिते तशाच वळणदार अक्षरात.
उरलेल्या तीन ओळी कोऱ्या दिल्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत
पहिलीच्या पोरांना विचारलं, बिनेकर कोण?
त्यांनी बोट दाखवलं.
संडासापाशी, दोन्ही हातांनी,
कुणाचं तरी दार धरून उभी होती.