दालेतचा कोपरा

रास्ता पेठेत, तेलाच्या वखारीमागे
हनोखजी वाक्रूळकरांनी हिब्रू पत्र काढलं.
वर्गणीदार एकतीस. त्यातले वाचू शकणारे नऊ.

खिळे बगदादहून आले, खजुराच्या पेटीतून.
जुळारी भिकोबा जिनगर. अक्षर एक कळेना,
पण आकार ओळखायचा, चामड्याचे तुकडे ओळखावेत तसे.
"ही भाषा उजवीकडून चालते, भिकोबा."
"शिशात मराठीही उजवीकडूनच चालते, साहेब."

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत
यंत्र थांबलंच पाहिजे.

पाचव्या अंकात दालेत या अक्षराचा
कोपरा झिजला, त्याची रेश झाली,
आणि 'देव एक'चं झालं 'देव दुसरा'.
नवांतल्या एकानंच तक्रार केली. मराठीत.

हनोखजींनी शनिवार मावळू दिला,
मग रात्रभर बसून बोरूनं
एकतीस अंकांतला तो कोपरा भरला.
भिकोबा कंदील धरून होता.

सहाव्याला कागद मिळाला नाही.
खिळे वितळवून मराठी ओतले;
त्यांतून पुढे कितीतरी लग्नपत्रिका निघाल्या.

भिकोबा माझे पणजोबा.
त्यांच्या पेटीत एक अंक आहे. वाचता येत नाही.
नुसतं बोट फिरवते, उजवीकडून;
एका जागी शाई
अजून जरा वर आलेली लागते.