बेचाळीस हातांवर गेरू

लेंगऱ्याच्या माळावर विहीर बेचाळीस हात गेली
आणि काळ्या पाषाणात तांबडा पट्टा लागला,
जेमतेम वीतभर.
"गेरू," यल्लाप्पा म्हणाला, "आता सुरुंग जपून. हितनं ढासळतंय."

यारीच्या पाळण्यातून मी उतरले,
भूजल खात्याची वही काखेत,
आणि पट्ट्यावर बोट ठेवलं. ओलसर.
रंग भाजल्या विटेचा.

खालचा दगड म्हणजे एक आग,
वरचा दगड म्हणजे दुसरी.
मधली ही वीतभर उसंत:
लाव्हा निवला, कुजला, त्याची माती झाली,
काही उगवलंही असेल,
कुणी त्यावर पाऊल ठेवलं असेल
आणि त्याला वाटलं असेल, संपलं एकदाचं.
मग पुन्हा धरणी उलली.

सहा कोटी साठ लाख वर्षं, मी सांगते.
यल्लाप्पा तंबाखू मळतो. आकडा त्याच्या तळहातात मावत नाही,
माझ्याही नाही.
"मंग समिंदराचं काय झालं?"
समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय,
रत्नागिरीत गटार खणताना, भिंतीवरून.

आंबला, मी म्हणते.
इथला धूर तिथल्या पाण्यात मुरला,
त्यातच आभाळातून धोंडा पडला, लांब कुठं,
उन्हावर झाकण बसलं.
मेंढ्याच्या शिंगासारखे वळलेले शंख
तीस कोटी वर्षं पोहत होते, तेही खुंटले.
आणि याच्याही आधी, पंचवीस कोटींमागं,
याहून वाईट: समुद्रातल्या दहा जातींतल्या नऊ उठल्या.

तो डबी उघडतो, नखावर चुना घेतो.
हा चुना, मी सांगणार असते,
कुठल्या तरी जुन्या समुद्राच्या शिंपल्यांचाच.
सांगत नाही.
तो टिचकी मारतो, ओठाखाली सारतो
एक आख्खा तळ.

"मग ऱ्हायलं कोण?"
बिळातले. चिखलातले. थोडक्यात भागवणारे.
उंदराएवढे आपले खापरपणजोबा.
बेडूक, कासव,
आणि भिलवडीच्या घाटाखाली वाळूत पडलेली ती.
"मगर?" यल्लाप्पा खो खो हसतो.
"मेव्हण्याची शेळी नेली की तिनं!
एवढं सगळं बघितलं, आन् डोळा शेळीवर!"

पाचला सुरुंग.
यारीचं इंजिन भडभडून बंद पडलं,
डिझेलचा धूर माळावर रेंगाळत राहिला.
आम्ही बाभळीआड, कानांत बोटं.
यल्लाप्पा मोठ्यानं मोजत होता: एक. दोन.
तिसरा फुटलाच नाही.

मी उठू लागले तर त्यानं मनगट धरलं.
"बसा बाई. न फुटलेल्याजवळ
लगी जायचं नसतंय."