टीकारामचा रकाना

आरोग्य शिबिराचा तक्ता मीच केला.
मोठ्या माणसांतला लठ्ठपणा, शंभरात किती:
डावीकडे आपण, उजवीकडे नेपाळ.
एक पट्टा जांभळा, एक पिवळा.
घरचा प्रिंटर जांभळ्यात मुळातच कंजूस,
त्यामुळे आपला देश जरा फिका आला.

आकडे इथे लिहीत नाही.
फरक होता बोटभर.
पण निरगुड्यांनी चष्मा कपाळावर ढकलून विचारलं तेच
जे मॅच लावली की विचारतात:
"पुढे कोण?"
आणि या खेळात पुढे असणं बरं की वाईट
यावर थोडा गोंधळ झाला.

काटा आहेरांनी आणलेला, दिंडोरीच्या पॅकहाऊसमधून,
द्राक्षांचे क्रेट तोलायचा.
कडेला वाळलेला देठ अडकलेला एक.
माणसं चपला काढून चढत होती, देवळात शिरावं तशी,
पोट आत घेऊन,
काट्याला जणू डोळे असतात.
पगार वहिनी म्हणाल्या, साडीचं वजा करा.
पगार म्हणाले, बोलण्याचंही.
रविवार होता. अर्धे मिसळ खाऊन आले होते,
उरलेले पांडवलेणी चढून उतरून,
मग मिसळ खाऊन.
माझं मी केलं नाही. वही माझ्या हातात होती,
वही धरणाऱ्याला कोणी चढ म्हणत नाही.

मग कोणाला तरी सुचलं:
अरे, नेपाळ आहे की आपल्या गेटवर!

टीकाराम आला, शिट्टी खिशात टाकत.
सतरा वर्षांपूर्वी आला होता तेव्हा
पट्ट्याला खिळ्याने दोन भोकं जास्तीची पाडलेली, आतल्या बाजूला.
आता पट्टा उलट्या टोकाला,
बक्कल कसंबसं धरून.
काटा थरथरला, थांबला. त्र्याऐंशी.
"हा तर आपल्यातलाच निघाला!" आहेर म्हणाले.
सगळे हसले. टीकारामही हसला,
हसणं पगारात धरलेलं असतं.

माझी पेन्सिल मात्र अडली.
जांभळ्यात लिहू की पिवळ्यात?

रात्री गेटवर गेलो, इंदिरानगरची कुत्री झोपलेली.
त्याचं गाव बझांगकडे.
"घर वर, पाणी खाली," तो म्हणाला, "मधे आम्ही.
तिकडे माणूसच चढायचा साहेब,
वजनाला चढायला वेळ नव्हता."
इथे बारा तास खुर्ची. प्लास्टिकची, तिसरी.
आधीच्या दोन त्याच्याखाली मोडल्या
असं तो सांगत नाही, मला माहीत आहे.

पहिल्यांदा गावी गेला तेव्हा
आईने दंड दाबून पाहिला होता, पिकलं का बघावं तसा,
आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवला होता.
आता बायको म्हणते, तू मोबाईलमधे मावत नाहीस.
साखरेची गोळी सकाळ-संध्याकाळ.
ती कुठे मिळते स्वस्त, एवढंच त्याने मला विचारलं.

मी उत्तर देत होतो आणि
त्याच्या खुर्चीखाली रचलेले डबे मोजत होतो.
निरगुड्यांना डॉक्टरांनी तूप सोडायला सांगितलं,
त्यांनी ते इथे सोडलं.
वहिनींनी साखर सोडली, ती इथे.
आहेरांच्या बारशाचा उरलेला बासुंदीचा गंज,
सत्यनारायणाचा शिरा,
आमच्या घरून, आठवतं मला, फराळ, मार्गशीर्षात.
कॉलनीने वर्षानुवर्षं केलेला संयम
एका माणसाच्या अंगावर दिसत होता.

तक्ता अजून जिन्याखाली आहे.
दोन पट्ट्यांमधे कोरा कागद आहे थोडा,
एक खुर्ची मावेल एवढा.
तिथे काही लिहिलेलं नाही मी.

काल हिने डबा दिला, म्हणाली,
उरलंय, आपल्याला चालत नाही, देऊन या.
झाकण घट्ट होतं.
वास पुरणाचा.
दिला. त्याने दोन्ही हातांनी घेतला,
आणि मी उभा राहिलो जरा वेळ,
गेटची कडी उघडी की बंद ते बघत.