आतल्या बाजूचे टाके

पूर्वी माझ्या शेडमध्ये शिडं यायची,
आता गाड्यांची छतं येतात.
शिडाला वारा फाडतो, छताला त्याचीच घडी.
गिऱ्हाइकाला हे पटत नाही,
त्याला मांजर हवं असतं, झाडाची फांदी,
शेजारचा वांड पोरगा.
मी बोट ठेवून दाखवते: हे बघ, इथे,
दर उघडझापीला बिजागरी चिमटा काढते,
एकाच जागी, सोळा वर्षं.

एल्झेआर थिबोदो आला मंगळवारी,
उपसागरावरून धुकं चढलेलं असताना.
गाडी हिरवी. छत एके काळी काळं,
आता चोथा झालेल्या चहाच्या रंगाचं.
चालवणाऱ्याच्या टाळूवर चिकटपट्टीचे तीन थर,
मागच्या प्लास्टिकच्या खिडकीत मोतीबिंदू उतरलेला,
आणि बाजूच्या सीटपुढे पातेलं.
"पातेलं कशाला?"
"लॉब्स्टरचं आहे," तो म्हणाला,
जणू मी तेवढंच विचारलं होतं.

नवं छत गाडीहून महाग.
आकडा ऐकून तो टोपीची कड चाचपत राहिला.
आभाळ फाटलं तर ठिगळ कुठे लावायचं, म्हणतात.
हे आभाळ पाच फूट बाय चार,
वर दुमडतं.
"ठेवून जा," म्हटलं. तो गेला नाही.
स्टूल ओढून बसला.

मीठ धुतलं. चिकटपट्टी सोलली, खळ स्पिरिटने पुसली.
पाणी वाहून जायच्या भोकांत तार घातली,
तर स्प्रूसच्या सुयांचा काळा रांधा
भसकन माझ्या बुटांवर.
खडूने गोल केले. सात.
दोन नखाएवढे, एकात करंगळी जाईल,
बाकी नुसती विरलेली जागा,
खालून दिवा धरला की चांदणं.
"सोळा वर्षांत थेंब गळला नाही," एल्झेआर सांगत होता,
"या हिवाळ्यातच काय झालं कोण जाणे."

मग मी सीटवर उताणी पडले, टॉर्च दातांत,
आणि अस्तराची कड उसवली.

आत टाके होते.
कारखान्याचे नव्हेत. बारीक, तिरपे, हाताचे.
कापडाखाली पिवळ्या रेनकोटचे तुकडे,
आणि दोरा पांढरा, मेणाचा,
नखाने ओढून पाहिला: दात साफ करायचा.
काही रांगा जुन्या, तपकिरी पडलेल्या,
काही कालच्यासारख्या.
मोजायला लागले, चाळिशीनंतर सोडून दिलं.

"एल्झेआर, तुमच्या घरी शिवतं कोण?"
"कोणी नाही."
स्टूल करकरलं.
"दोमितील शिवायची."
"मग तिला का नाही..."
"मॉन्कटनला असते ती. ऑगस्टपासून."

तो उठला. दारातून मान आत घातली,
टॉर्च माझ्या हातातून घेतला.
बराच वेळ दिव्याचा गोळा
एका टाक्यावरून दुसऱ्यावर सरकत होता.
"रात्री गाडीत जाऊन बसायची," तो म्हणाला,
"मला वाटायचं, रेडिओ ऐकते."

यावर काय बोलणार?
मी कात्री उचलली.

ठिगळ गोल कापायचं. चौकोनाचे कोपरे आधी उठतात.
गोंद पातळ, दोन हात,
बोटाला चिकटेल पण लागणार नाही इतका वाळू द्यायचा,
वर जाळ्याच्या शिशाची पिशवी.
खिडकीला नवं प्लास्टिक. शिवणींवर मेण.
तिचा एकही टाका मी काढला नाही,
जिथे धरून होता तिथे शेजारून गेले.
शेवटी फेल्टची पट्टी चिकटवली,
कापडाला नव्हे,
बिजागरीला.

अंधार पडता पडता त्याने पैसे मोजले.
"तो दोरा कुठे मिळतो?"
"औषधाच्या दुकानात."
त्याने मान हलवली, गाडी सुरू केली,
छत चढवलेलंच ठेवलं.
फाटकापाशी पोचला तेव्हा मला दिसलं,
पातेलं माझ्या बाकावरच राहिलंय.
हाक मारली.
तो मागे आला, दोन्ही हातांनी ते नेलं,
आणि सीटपुढे ठेवलं, होतं तिथेच.