एका श्वासात

मास्क काढला की पहिला वास फिनेलचा,
दुसरा पेजेचा,
तिसरा माझाच.
बांबोळीची टेकडी, तिसरा मजला, खाट एकोणीस.
काचेपलीकडे झुवारीकडे जाणाऱ्या बसगाड्या
आवाज न करता सरकतात.

डॉक्टरीणबाई नातीच्या वयाची.
"आजोबा, एका श्वासात मोजा. एक, दोन, तीन...
जमेल तितकं."
मला हसू आलं.
हसायला श्वास लागतो, म्हणून आधी खोकला आला.

एकतीस वर्षं मी मोजायलाच शिकवलं,
पाळीच्या सरकारी मराठी शाळेत,
दोन खोल्यांत चार इयत्ता.
एकोणतिसाचा पाढा एका दमात म्हणायचो
आणि वर विचारायचो, कोण दमला रे?

अकरा.
बाराचा ब ओठांवर राहिला.
तिनं कागदावर ११ लिहिलं.
लाल पेनानं नाही.
बरं वाटलं.

"विडी?"
कधीच नाही.
"चुलीचा धूर?"
लहानपणी. घरातली फुंकणी माझ्याकडेच असायची.
"खाणीत होता?"
नाही बाई. खाण माझ्याकडे आली.

शाळेसमोरून ट्रक जायचे.
प्रार्थनेआधी चाळीस,
मधल्या सुट्टीपर्यंत मी मोजणं सोडून द्यायचो.
पांढऱ्या खडूनं लिहिलेलं
दुपारी गुलाबी व्हायचं.
हजेरीपट, माठाचं झाकण, पोरांच्या पापण्या.
बाकांवरच्या धुळीत बोटानं नावं लिहायची पोरं,
मी ओरडायचो,
आणि वाकून, गाल फुगवून,
एकेक नाव फुंकून टाकायचो.

ओरडणार तरी कुणावर?
ट्रक चालवत होते त्याच पोरांचे बाप.
त्याच पैशांत वह्या, चवथीची माटोळी,
माझ्या घराचा स्लॅबसुद्धा, थोरल्याच्या ट्रकावर.
मग खाणी बंद पडल्या.
रस्त्यावरची धूळ पहिल्या दोन पावसांत गेली.
आत बसलेली
बसून राहिली.

खाट वीसवर बोस्त्यांव, आगशीचा पोदेर,
पन्नास वर्षं भट्टीच्या तोंडाशी.
आम्ही बोलत नाही. बोलणं महाग आहे.
तो दोन बोटं दाखवतो : दोन वाजले, वाफेचं औषध येईल.
मी मान हलवतो.
रात्री माझ्या बाटलीतले बुडबुडे, त्याच्या बाटलीतले बुडबुडे.
एक थांबला की दुसरा डोळे उघडतो.

परवा पहाटे तीनला उठून बसला
आणि चादरीवर पीठ मळू लागला.
नळी कानावरून सुटलेली.
सिस्टर एस्पेरान्सा आली. हात धरले नाहीत तिनं.
नळी नीट बसवली, विचारलं,
"आज कितें उंडे, पात्रांव?"
"चारशें," तो म्हणाला,
आणि मळत राहिला, बोटं दुखेपर्यंत.
ती तोवर उभी होती,
पलीकडे कुणाचं तरी सलाइन संपत असताना.

व्यायाम शिकवायला एक मुलगा येतो.
नाकानं आत. ओठ आवळून बाहेर, सावकाश.
"ज्योत हलू दे, विझू नये."
मला ठाऊक आहे हे.
निखारा जागवायचा, राख उडवायची नाही,
जोरात फुंकलं की आईची चापट.
साठ-पासष्ट वर्षांनी तोच धडा,
फक्त चूल आत.

शुक्रवारी घरी पाठवणार म्हणतात.
सोबत एक यंत्र, भिंतीतल्या विजेवर चालणारं.
पाळीत वीज किती वेळा जाते
हे कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.
सून सांगेल.

आज पुन्हा कागद, पुन्हा पेन.
"मोजा, आजोबा."
मी बारापासून सुरुवात केली.
बारा, तेरा, चौदा,
बावीसला दम संपला.
खाट वीसवरून दोन बोटं वर झाली,
वाजले होते दहा.
डॉक्टरीणबाई हसली. "असं नाही चालत, मास्तर."

वर्गात मीही हेच म्हणायचो,
आणि तरी
अर्धा गुण द्यायचो.