शेऱ्याचा रकाना

दर मंगळवारच्या बोटीनं एक खोकं येतं,
आत सहा बाटल्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या,
आणि प्रत्येकीच्या गळ्यात बोदिलची चिठ्ठी:
वारा नैर्ऋत्येचा. पाऊस अकरा मिलिमीटर.
नरसाळ्यात एक माशी होती, काढली.

मी तिला पाहिलेलं नाही.
कॅटेगॅटच्या समुद्रात एक बेट, बेटावर दीपस्तंभ,
त्याच्या पाठीमागे खांबावर नरसाळं,
आणि सकाळी सातला तिथवर चालत जाणारी बाई.
सत्तरीची असावी;
पाचाच्या आकड्याला आडव्या रेघेची टोपी घालते,
कधी विसरत नाही.

मी तिचं पाणी यंत्रात सोडते.
पडद्यावर रेघ उठते. डोंगर नाही, वारूळ.
लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम नत्र.
जिभेला कळणारही नाही.

कुठून आलं?
युटलंडच्या डुकरांच्या शेडमधून,
हॅम्बुर्गच्या चढावर गिअर बदलणाऱ्या ट्रकांतून,
स्केगनला वळसा घालणाऱ्या जहाजांच्या धुराड्यांतून.
वारा सगळ्यांचं उचलतो, पावती कुणालाच देत नाही,
आणि समुद्रावर येऊन हात झटकतो.

खतच ते. बिनपत्त्याचं, बिनसहीचं.
पाणी ते उघडतं, अक्षरन् अक्षर मानतं:
मार्चमध्ये हिरवं होतं, एप्रिलमध्ये गढूळ तपकिरी,
आणि एवढं उगवलेलं खाणार कोण,
म्हणून ते खाली जातं.
खाली कुजायलाही श्वास लागतो.
थेंबे थेंबे इथे तळं साचत नाही,
तळ मरतो.

उन्हाळ्यात बोदिलच्या चिठ्ठ्या लांबत जातात.
नरसाळं कोरडं. कोरड्यातही पडतं म्हणता,
म्हणून धुऊन ते पाणी पाठवतेय.
मग: समुद्रगवतावर शेवाळाचे केस, वल्ह्याला गुंततात.
मग: वारा नाही.
मग: चौदा दिवस वारा नाही.
खेकडे धक्क्याच्या खांबांवर चढून बसलेत, पाण्याच्या वर.
पहाटे वाळूवर वाम मासे. मोजले. 255.
पुढे मोजणं सोडलं.
तुमच्या तक्त्यात याला रकाना आहे का?

त्या खोक्यात सात बाटल्या होत्या.
सातवी पावसाची नव्हे:
एस्किलच्या नांगराला लागून आलेलं काही पांढरं,
कापसासारखं विस्कटणारं.
माझे वडील याला प्रेताची चादर म्हणायचे, तिनं लिहिलं होतं,
पण त्यांनी ती आयुष्यात दोनदाच पाहिली.

झाकण काढताच सडक्या अंड्यांचा वास सुटला.
येप्पेनं धावत जाऊन खिडकी उघडली.
खाली संध्याकाळची कोंडी, इंजिनं चालूच.
वास बाहेर गेला,
बाहेरचं आत आलं.

तारीख भरली. वारा भरला. नायट्रेट, अमोनियम.
शेऱ्यात 'खेकडे' लिहिलं,
तर संगणकानं तांबडी चौकट दाखवली: फक्त आकडे.
आकडा बघायला चिठ्ठी पुन्हा उचलली.

दोनशे पंचावन्न.
दोन्ही पाच बोडके.
घाईत असेल.