चौदा आकडे

आचऱ्याच्या तिठ्यावर माझं दुकान आहे.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म.
मंगळवारी भर दुपारी प्रमिला वायंगणकर आली,
बोटं मनगटापर्यंत जांभळी.
म्हणाली, "ता फूडाचा लायसन काय ता काढून दी.
रिसॉर्टवालो म्हणता, नंबर नाय तर आगळ नको."

धंद्याचा प्रकार निवडा. यादी उघडली.
दूध होतं, मांस होतं, बेकरी होती,
बाटलीत भरलेलं पाणीसुद्धा होतं.
आमसूल नव्हतं.
मी 'इतर'वर टिचकी मारली.
"इतर म्हणजे कोण रे?" तिने विचारलं.

रोजची उत्पादनक्षमता, किलोमध्ये.
"ता उनाक इचार."
कच्च्या मालाचे पुरवठादार.
"तीन झाडां. त्यातला एक जावेचा."
भिंतींना धुता येण्याजोग्या फरशा आहेत का?
भिंतीच नाहीत. चार वासे, वर झापं,
खाली सारवलेलं खळं
आणि त्यावर चटयांवर उलटी पडलेली लाल सालं,
ज्यांच्याकडे कोंबडी फिरकू नये म्हणून
तिचा सासरा काठी घेऊन बसलेला.

मला हसू आलं. मग आलं नाही.
तीन वर्षांपूर्वी समाराधनेची सोलकढी
रात्रभर पितळेच्या टोपात राहिली होती,
आतली कलई केव्हाच उडालेली.
सकाळी सतरा माणसं मालवणच्या दवाखान्यात,
त्यात माझा भाचा. सहा वर्षांचा.
ओठ कागदासारखे, हाताला सलाईन.
फॉर्म लिहिणाऱ्यानेही
असाच कुणाचा तरी भाचा पाहिला असेल.

तिला हे सांगितलं, तर चिडली.
"माका कित्याक सांगतंस?
सासयेन पयल्याच दिवशी सांगल्यान,
आंबटाक पितळ दाखवचा नाय.
बरणयेत ओलो हात घालूचो नाय.
मीठ मोजूचा नाय,
फळ रडाक लागासर घालूचा."
मी माऊस हातात धरून बसलो.
रकाने खाली-वर केले.
सासूसाठी जागा नव्हती.

विहिरीच्या पाण्याचा अहवाल जोडा.
म्हणजे ओरोस. दोन एसट्या बदलून,
मांडीवर पाण्याची बाटली सांभाळत,
आणि त्या दिवशी खळं कुणी बघायचं?
"त्याच बावीचा पाणी तुझ्या बारशाक नेलेला,"
ती म्हणाली, आणि तरी गेली.
अहवाल चांगला आला.
थोडा लोह जास्त, एवढंच.

तोवर रिसॉर्टवर कॅन आले होते,
घाटावरच्या कुठल्याशा कारखान्यातले.
लेबल पूर्ण, सगळे नंबर जागच्या जागी,
रंगालाही नंबर.
पर्यटक ते गुलाबी पाणी उजेडात धरून
फोटो काढतात, आणि म्हणतात,
कोकणात आल्यासारखं वाटतं.
कुणी आजारी पडत नाही.
कुणाचं पित्तही उतरत नाही.

किती दिवस टिकेल?
हा शेवटचा रकाना होता.
"चाखून बघूचा. सांगता ता आपणच."
तिथे फक्त तारीख बसत होती.
मी एक तारीख टाकली.
कुठून आणली, विचारू नका.

एकोणीस दिवसांनी नंबर आला.
चौदा आकडे, एका ओळीत.
तिने ते बोट ठेवून ठेवून वाचले,
दोनदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
यंदा ढगांनी अर्धं खळं खाल्लं,
बाटल्या झाल्या सत्तावीस.
"म्हणजे एका बाटलयेक अर्धो आकडो," म्हणाली,
आणि फीऐवजी एक माझ्या टेबलावर ठेवली.
रमची जुनी बाटली, तीनदा उकळलेली,
बुचाला मेणाचा थेंब.
लेबल अजून छापायचं होतं.
छापणार मीच.

दुसऱ्या दिवशी साहेब आले,
तपासणीच्या कागदांच्या दोन प्रती हव्या होत्या.
भले गृहस्थ. घामाघूम.
पाणी आहे का, म्हणाले.
मी बाटली प्रिंटरच्या मागे सरकवली,
आणि त्यांना फ्रीजमधलं,
सीलबंद दिलं.

जीप वळून दिसेनाशी झाल्यावर
मी मेण खरवडलं,
दोन थेंब तळहातावर घेतले,
आणि चाखून बघितलं.